बोडीवरची असर

चंद्रपुरातल्या आमच्या घरात वेळ कानांनी कळायची. पहाटे मशिदीतली बांग, तिच्यामागून कोळसा खाणीचा भोंगा, मग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, आणि या तिघांत कधी वाद झालाच तर अम्मीचा आवाज. घड्याळ एक होतं. ते अब्बांच्या लग्नातल्या शेरवानीच्या घडीत ठेवलेलं असे, ईदच्या सकाळी बाहेर येई, चुकीची वेळ दाखवी आणि परत ट्रंकेत जाई. चुलीवर तांदळाच्या भाकरी, बाजूला लाखोळीची डाळ, आणि दारात अब्बा कपड्यांचे गठ्ठे बांधून सुतळी दातांनी तोडत बसलेले. त्यांचा धंदा आठवडी बाजारांतला. लहान मुलांचे तयार कपडे: फ्रॉक, चड्ड्या, टोपडी. रोज नवं गाव; आज चिमूरकडे, उद्या सिंदेवाहीच्या अंगाला. मी मॅट्रिकच्या निकालाची वाट बघत होते आणि अम्मीची कंबर धरली होती, म्हणून त्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर जायला लागले. बायकांना माप बाईनेच सांगितलेलं बरं, असं अब्बा लोकांना सांगत. खरं कारण असं की गठ्ठे उचलायला दुसरं कोणी नव्हतं.

बाजारात अब्बांचं घड्याळ म्हणजे पालाचा बांबू. त्याची सावली आखडून पुन्हा लांबायला लागली की दुपारची जोहर. सावली बांबूच्या दुप्पट झाली की असर, म्हणजे सूर्यास्ताआधीची नमाज. जोडीला दुसऱ्या खुणाही होत्या. मिरचीवाला झोपेतून उठला, पाणीवाल्याची तिसरी फेरी झाली, असं काहीतरी. वेळ झाली की ते पालामागे चटई टाकत आणि दुकान शेजारच्या शेवंताबाईच्या हवाली करत. शेवंताबाई ढिवराची. स्वतः तलावात उतरून मासे धरायची आणि उन्हाळ्यात सुकवलेली मासोळी विकायची. अब्बांच्या गैरहजेरीत तिने विकलेल्या कपड्याला तिच्या हाताचा वास लागे, पण तिच्यापाशी उत्तर तयार असायचं: "वास धुतल्यावर जाईन व बाई, फ्राक राहीन." आणि अब्बांना चटईवर बघून ती आपली टोपली आवरायला घ्यायची. अर्धा बाजार अब्बांच्या असरवर झाकपाक करायचा. त्यांना ते माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर लाजून ते मिरचीवाल्यामागे जाऊन बसले असते.

आता नातवाच्या मोबाइलमध्ये दिवसातून पाच वेळा बांग होते, मक्केकडे बाण वळतो आणि सूर्यास्ताला किती मिनिटं उरली तेही दिसतं. मला ती सोय आवडते. फक्त ते यंत्र आजूबाजूला बघत नाही. अब्बांना वेळ कळायला आजूबाजूला बघावंच लागायचं.

प्रवासातल्या नमाजेला सवलत आहे. घरापासून अठ्ठेचाळीस मैलांच्या पुढे निघालेला माणूस मुसाफिर ठरतो, आणि मुसाफिराने चार रकातींच्या जागी दोनच पढायच्या असतात. रकात म्हणजे उभं राहणं, कमरेत वाकणं आणि दोनदा कपाळ जमिनीला टेकणं, असं एक आवर्तन. कपाळ टेकण्याला सजदा म्हणतात. अब्बा लांबच्या बाजारी दोन रकाती पढत, जवळच्या बाजारी चार, आणि याबद्दल कोणाशी बोलत नसत. मग आमच्या घरी बडे अब्बा आले.

बडे अब्बा म्हणजे अब्बांचे थोरले भाऊ. नागपुरात कारकुनी करून निवृत्त झाले, हज करून आले आणि महिनाभरासाठी आमच्याकडे राहायला आले. येताना त्यांनी किब्लानुमा आणला, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारं होकायंत्र. ते आमच्या खोलीच्या मध्यभागी ठेवून त्यांनी जाहीर केलं की आमची पश्चिमेची भिंत साडेतीन बोटं चुकलेली आहे. अम्मीने शांतपणे विचारलं, "भिंत पाडू का चटई सरकवू?" आमच्या घरची बोली अर्धी मराठी, अर्धी हिंदी, तिला उर्दू म्हणायचं धाडस फक्त बडे अब्बा करत. धाकट्या भावाची नमाज बाजारात कशी होते, ते डोळ्यांनी पाहायचं म्हणून एका सकाळी ते आमच्याबरोबर टेम्पोत बसले. प्रवासात एकाला अमीर म्हणजे मुखिया करावं, असं त्यांनी सांगितलं आणि त्याच वाक्यात ते निवडूनही आले.

टेम्पो मनोहरभाऊंचा. त्यांच्या पुढच्या काचेवर 'जय भीम' आणि मागच्या फळीवर 'हळू चालवा, घरी वाट बघतात' लिहिलेलं होतं, आणि दोन्ही ते मनापासून पाळत. पुढे ते आणि दोघे भाऊ, मागे गठ्ठ्यांवर मी आणि शेवंताबाई. मोहफुलांचे दिवस होते. मूल गाव सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तो गोडसर, आंबूस वास टेम्पोत शिरायचा. एरवी या दिवसांत झाडाझाडाखाली बायका फुलं वेचताना दिसत. त्या सकाळी एकही दिसली नाही.

"मागच्या हप्त्यात नेलं एका बाईले," शेवंताबाई म्हणाली. "फुलं वेचून राह्यली होती. वाकलेल्या माणसाले वाघ माणूस नाई समजत, पोरी. त्याले वाटते, चार पायाचं जनावर चरून राह्यलं. उभा माणूस दिसला तं तो सोताच बाजूले होते."

पुढून बडे अब्बांचा आवाज येत होता. ते मैलाचे दगड मोजत होते, कारण टेम्पोचा मीटर कित्येक वर्षांपूर्वी एका आकड्यावर समाधी लावून बसला होता. सिंदेवाहीच्या पुढच्या त्या गावी उतरताना त्यांनी निकाल दिला. शहराच्या शेवटच्या घरापासून हे अंतर शेहेचाळीस मैल भरतं. म्हणजे आपण मुसाफिर नाही. म्हणजे त्यांचा धाकटा हबीब इतकी वर्षं या बाजारात निम्मी नमाज पढत आला आहे. अब्बांनी मान खाली घातली आणि गठ्ठे सोडायला घेतले. मोठ्या भावाला त्यांनी कधीही उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि अम्मीनेही नाही, म्हणजे विषय संपला.

संध्याकाळी बांबूची सावली दुप्पट झाली. अब्बांनी चटई उचलली तर बडे अब्बांनी नाकाला रुमाल लावला. "यहाँ? इस मछली की बू में? असर हम मूल की मस्जिद में पढ़ेंगे, जमात से." जमातीने म्हणजे सगळ्यांनी मिळून, इमामामागे. शिवाय मूलच्या मशिदीत त्यांच्या ओळखीचे एक मौलाना होते, ज्यांना हजची हकीकत ऐकवायची राहिली होती. शेवंताबाईने आपली टोपली तेवढ्यापुरती लांब सरकवली. तिने ऐकलं होतं. सिंदेवाहीतून जाताना अब्बा एकदा म्हणाले, "भाईजान, इथेच पढून घेऊ." बडे अब्बा म्हणाले, वेळ भरपूर आहे. सिंदेवाही सोडलं आणि अर्ध्या तासात रेडिएटर तापला. तो निवून, पाणी भरून टेम्पो पुन्हा सुरू होईपर्यंत सूर्य सागांच्या शेंड्यांना टेकला होता आणि जंगलाचा पट्टा अजून संपायचा होता.

"रोको," बडे अब्बा म्हणाले.

"इथी नाई थांबत जी," मनोहरभाऊ म्हणाले. "हाच तो पट्टा आहे. मूल आलं का थांबवतो."

"मूल तक सूरज डूब जाएगा. नमाज क़ज़ा होगी." क़ज़ा म्हणजे वेळ टळून गेलेली.

"मंग सुर्यालेच सांगा न जी जरा थांबाले. गाडी माह्या हातात आहे, तो नाई."

बडे अब्बांनी चालत्या टेम्पोचं दार उघडलं. मनोहरभाऊंनी ब्रेक लावला, आम्ही दोघी गठ्ठ्यांसकट पुढे आदळलो. रस्त्यापासून तीसेक पावलांवर एक बोडी होती. बोडी म्हणजे शेतापुरता छोटा तलाव. उन्हाळ्यात आटून मध्ये थाळीएवढं पाणी राहिलेलं. अब्बा खाली उतरून भावापुढे उभे राहिले. "भाईजान, टेम्पोतच बसून पढू. ताडपत्रीवर धूळ आहे, तयम्मुम करू. जनावराचं भय असलं तर इशाऱ्याने चालते. आपल्या उस्तादांनीच शिकवलं होतं."

तयम्मुम म्हणजे पाण्याऐवजी मातीने केलेली शुद्धी. इशाऱ्याने म्हणजे बसल्या जागी मान झुकवून. दोन्ही गोष्टी शास्त्रात आहेत. मी नंतर कितीतरी पुस्तकांत तपासल्या. श्वापदाचं भय हे कारण तर शब्दशः लिहिलेलं आहे. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांनी वाळवंटातलं का होईना, पण श्वापद पाहिलेलं असावं.

"इशारे से बीमार पढ़ते हैं," बडे अब्बा म्हणाले. "मेरे घुटने सलामत हैं." आणि ते बोडीकडे चालू लागले. अब्बा क्षणभर थांबले. मग तेही निघाले, कारण मोठा भाऊ एकटा पाण्यावर जाईल आणि आपण टेम्पोत बसू, हे त्यांना जमणारं नव्हतं. बडे अब्बांनी वळून मला विचारलं, "तू नहीं पढ़ेगी?" मी काही बोलायच्या आत अब्बा म्हणाले, "तिला माफ आहे सध्या." बायकांना महिन्याचे काही दिवस नमाज माफ असते. बडे अब्बांनी घाईघाईने नजर फिरवली.

शेवंताबाई टेम्पोतून उतरली. "चाल व नजमा. मनोहर, तुहा पाना घे." तिने आपली रिकामी टोपली डोक्यावर उपडी ठेवली. "उंच दिसलं पायजे. हात खाली नको ठेवू. अन् काई झालं तरी बसाचं नाई, वाकाचं नाई, पळाचं तं नाईच."

दोघा भावांनी बोडीत वजू केला, म्हणजे हात, तोंड, पाय धुतले, आणि बांधावर चटई टाकली. बडे अब्बा पुढे, अब्बा त्यांच्या उजव्या हाताला अर्धं पाऊल मागे. तोंड पश्चिमेला, पाठ जंगलाला. आम्ही तिघं त्यांच्याभोवती बाहेर तोंड करून उभे राहिलो: मनोहरभाऊ रस्त्याच्या बाजूला, शेवंताबाई जंगलाकडे, मी बांधाच्या लांब टोकाकडे. बडे अब्बांनी किब्लानुमा काढला नाही. सूर्य समोरच होता.

पुढे उभा राहून नमाज पढवणारा माणूस जे करील ते मागच्याने करायचं. तो वाकला की वाकायचं, त्याने डोकं उचललं की उचलायचं, त्याच्या आधी कधीच नाही. हे आम्हाला अक्षरओळख व्हायच्या आधी शिकवलेलं असतं. प्रत्येक हालचालीला पुढचा माणूस मोठ्याने 'अल्लाहु अकबर' म्हणतो आणि मागचा त्या आवाजावर हलतो. मी पाठमोरी उभी राहून ते आवाज मोजत होते. पहिली रकात झाली. दुसरी झाली. अब्बांच्या हिशेबाने इथे नमाज संपत होती; आम्ही या वेळी टेम्पोकडे चालत असतो. बडे अब्बांच्या हिशेबात दोन मैल कमी पडले होते, म्हणून ते तिसरीला उभे राहिले.

तिसऱ्या रकातीच्या पहिल्या सजद्यात वानर खोकलं. जंगलात वानराच्या ओरडण्याचे पुष्कळ प्रकार आहेत, पण हा खोकला ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. मग एक मोर ओरडला. मग काहीच ऐकू येईना. "आला," शेवंताबाई ओठ न हलवता म्हणाली.

तो माझ्या बाजूने आला. बांधाच्या लांब टोकाला पाण्याकडे उतरणारी गुरांची वाट होती, त्या वाटेने. अंगावर धावून वगैरे नाही. पाणी प्यायला आला होता. त्याचीही ती रोजची वेळ असणार. बांधावर चढला आणि आम्हाला बघून थांबला. अंतर किती होतं ते मी आजवर वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगितलं आहे. आमच्या घराच्या अंगणातून मशिदीच्या पायरीपर्यंत, एवढंच खरं सांगता येतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या पायांच्या मधून, मागे, जमिनीलगत बघत होता.

मागे बडे अब्बा पहिल्या सजद्यातून उठून बसले, दुसऱ्यात गेले, आणि मग आवाजच येईना. मी मान वळवून पाहिलं. दोघं चटईवर कपाळ टेकून होते. बडे अब्बांच्या पाठीवरचा सदरा थरथरत होता. त्यांनी वानर ऐकलं होतं. त्यांना उठता येत नव्हतं. आणि अब्बा त्यांच्या मागे, मान उघडी, दोन्ही तळवे जमिनीवर, भावाच्या आवाजाची वाट बघत होते. अब्बांनी ऐकलं नसेल असं नाही. पण पुढच्याने उचलल्याशिवाय ते डोकं उचलणार नव्हते.

वाघाने पुढचे पाय किंचित वाकवले आणि त्याचं पोट गवताला लागलं.

"उठव त्याहिले," शेवंताबाई म्हणाली.

मी 'अब्बा' म्हणून ओरडले असते तर ते नमाजेत आहेत म्हणून हलले नसते. 'वाघ' म्हटलं असतं तर बडे अब्बा धावले असते, आणि धावणाऱ्याचं काय होतं ते शेवंताबाईने सांगून ठेवलं होतं. दोघंही न विचार करता, हळू, न धावता उभे राहतील असा जगात एकच शब्द होता. तो कधी म्हणायचा तेही महत्त्वाचं होतं. पहिल्या सजद्यातून माणूस नुसता उठून बसतो. दुसऱ्यातून तो सरळ उभा राहतो. मी पुन्हा मनात मोजलं. हा दुसरा होता. याची खात्री करायला मला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ पुढे कुठल्याही परीक्षेत लागला नाही.

मी बडे अब्बांच्या संथ, लांबवलेल्या चालीत मोठ्याने म्हटलं, "अल्लाहु अकबर."

अब्बा उभे राहिले. बडे अब्बाही. पन्नास वर्षांच्या सवयीने त्यांचे सलामत गुडघे त्यांना विचारल्याशिवाय सरळ झाले. शेवंताबाई टोपली दोन्ही हातांनी डोक्याच्याही वर धरून एक पाऊल पुढे सरकली. आता बांधावर पाच उभी माणसं होती. वाघ आमच्याकडे बराच वेळ बघत राहिला, गोंधळलेल्या गिऱ्हाइकासारखा. मग त्याने पोट उचललं, वळला आणि ज्या वाटेने आला होता त्याच वाटेने, पाणी न पिता, खाली उतरला.

"आता खाली नको नेऊ त्याहिले," शेवंताबाई कुजबुजली. मी गप्प राहिले. बडे अब्बाही गप्प होते. चौथ्या रकातीत दोघं भाऊ हात बांधून नुसते उभे होते, आणि मनोहरभाऊंनी टेम्पो मागे आणून आमच्याजवळ लावेपर्यंत तसेच राहिले. तेव्हा बडे अब्बांनी उभ्यानेच उजवीकडे आणि डावीकडे मान वळवून सलाम फेरला, म्हणजे नमाज संपवली, आणि चटई तिथेच टाकून टेम्पोत चढले. चटई अब्बांनी गुंडाळली.

आम्ही मूलला पोचलो. मशिदीपाशी टेम्पो थांबला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजेची, बांग होत होती. खाली उतरल्यावर बडे अब्बांना कंठ फुटला. ते मला रागावले नाहीत. उलट आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. पण नियम नियम होता. नमाजेच्या बाहेरच्या माणसाच्या आवाजावर हललं की नमाज तुटते. त्यातून तो आवाज पोरीचा. त्यातून ती त्या दिवसांतली. त्यातून चौथी रकात उभ्याने. "असर नहीं हुई, हबीब," ते म्हणाले. "चल, पहले वो लौटानी है."

अब्बा नळावर पाय धूत होते. नळ बंद करून त्यांनी पाय झटकले.

"तुम्ही पढा, भाईजान," ते म्हणाले. "माझी झाली."

बडे अब्बा त्यांच्याकडे बघत राहिले. अब्बांनी मान खाली घातली नाही. दोघं आत गेले. बडे अब्बा एका खांबामागे असर लौटवायला म्हणजे पुन्हा पढायला, अब्बा मगरिबच्या रांगेत. पुस्तकांच्या हिशेबाने बडे अब्बा बरोबर होते. ज्या ज्या जाणत्याला मी पुढे विचारलं, त्याने हेच सांगितलं, आणि मी प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घेतलं.

मी आणि शेवंताबाई टेम्पोच्या फळीवर बसलो. तिचे हात टोपली धरून धरून ताठले होते, ती बोटं मोडत होती.

"काय म्हटलं व तू तव्हा?" तिने विचारलं.

"अल्लाहु अकबर."

"मले शिकवून ठेव. मी तं रोज बोडीत वाकतो. आमच्या माणसाहिले हाक मारली तं ते 'काय व' म्हणून वाकल्यावाकल्याच पायतात."

मी तिला शिकवलं. मूलहून चंद्रपूरपर्यंत अंधारात ती ते दोन शब्द आपल्या पद्धतीने घोळवत आली. दर वेळी उच्चार निराळा यायचा, आणि प्रत्येक चुकीचा. पुढच्या सीटवर बडे अब्बांना ते स्वच्छ ऐकू जात होतं. त्यांनी एकदाही मागे वळून ते दुरुस्त केलं नाही.